शांघायचा फौजदार आणि थिबाचे माणिक

रहस्यकथा वाचणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ शेवटचे पान आधी उघडून पाहतो आणि मग निश्चिंत मनाने पहिल्या पानाकडे वळतो. दुसरा पंथ असे करणाऱ्याच्या घरचे पाणीही पीत नाही. रत्नागिरीची आमची आत्या या दोहोंहून निराळी. पुस्तक निम्मे झाले की ती कागदाचा एक कपटा घेते, त्यावर आपल्याला संशय असलेल्या इसमाचे नाव लिहिते, त्याची चार घड्यांची पुडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवते आणि पुस्तक संपल्यावर ती उघडते. नाव बरोबर आले तर त्या दिवशी जेवणात गोडाचे. चुकले तर लेखकाची धडगत नाही.

आत्याने ऐंशी ओलांडली. हायस्कुलात इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली, त्यालाही दोन तपे होत आली. पण तिचा पिंड पोसला गेला तो बाबूराव अर्णाळकरांवर. 1906 साली जन्मलेले अर्णाळकर 1996 पर्यंत जगले आणि तेवढ्या आयुष्यात त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या! आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, 'रहस्य' या शब्दाला मान होता तो केवळ 'गीतारहस्या'मुळे. टिळक 1856 साली रत्नागिरीतच जन्मलेले, तेव्हा तो ग्रंथ दर्शनी फळीवर असणे ओघानेच आले. त्याच फळीवर, त्या जाडजूड ग्रंथाच्या पाठीमागे, झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू दाटीवाटीने नांदत असत. आजोबांना हे ठाऊक नव्हते असे आत्या म्हणते. माझा संशय निराळा आहे. पुस्तके कधी कधी फळीवर उलटसुलट लावलेली सापडत, अन् आत्या पडली कमालीची टापटिपीची.

तर अशा या आत्याला दर वर्षी पाऊस सरता सरता मी चारदोन पुस्तके पोचवतो. अगाथा ख्रिस्ती झाली, होम्स तर पाठच आहे. यंदा म्हटले, काही नवीन न्यावे. आणि पिशवीत शांघायचा एक फौजदार घातला.

या फौजदाराच्या लेखकाचे नाव छिऊ श्याओलोंग. उच्चार करताना चिऊताई आठवते, त्याला इलाज नाही. हे गृहस्थ 1953 साली शांघायला जन्मले. वडिलांचा अत्तराचा लहानसा कारखाना होता. तेवढ्यावरून सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांच्या कपाळी 'भांडवलदार' असा शिक्का बसला. मुलगा इंग्रजी शिकला, कविता करू लागला, एलियटच्या कवितांचे चिनी भाषांतर करू लागला आणि त्याच एलियटच्या अभ्यासासाठी 1988 साली अमेरिकेत सेंट लुईसला गेला. पुढच्याच वर्षी पेकिंगच्या तिआनआनमेन चौकात रणगाडे आले. छिऊ परत गेले नाहीत. तिथेच राहून, परक्या भाषेत म्हणजे इंग्रजीत, त्यांनी 2000 साली पहिली रहस्यकथा प्रसिद्ध केली, 'डेथ ऑफ अ रेड हिरॉइन'. त्यानंतर एकामागून एक अशी कितीतरी.

ती पहिली कादंबरी मांडवी एक्सप्रेसमध्ये मी स्वतः पुन्हा एकदा वाचायला घेतली. आत्याला देण्यापूर्वी पुस्तक तपासून पाहण्याची आमच्याकडे पद्धत आहे. निदान मी तरी तसे कारण सांगतो. रत्नागिरी जवळ आली की करबुड्याचा बोगदा लागतो. चांगला साडेसहा किलोमीटर लांबीचा. गाडीत शिरल्यापासून चिवडा, भेळ आणि भाचीचे लग्न यांवर अखंड बोलणारी समोरची मंडळी बोगद्यात एकाएकी गप्प झाली. बोलून ऐकू येईना म्हणून. नेमक्या त्या काळोखात मला खुनी कोण ते कळले. आणि पुस्तक अजून बरेच उरले होते!

इथेच या कथांची मेख आहे. 1990 सालचे शांघाय. शहराबाहेरच्या एका कालव्यात एका तरुणीचे प्रेत सापडते. ती साधीसुधी मुलगी नव्हे. मोठ्या सरकारी दुकानात काम करणारी, पक्षाने 'राष्ट्रीय आदर्श कामगार' म्हणून मिरवलेली, वर्तमानपत्रांत जिचे फोटो छापून येत अशी. तपास येतो इन्स्पेक्टर चेन यांच्याकडे. हे चेन कवी आहेत. त्यांना पोलिसात जायचेच नव्हते. विद्यापीठातून बाहेर पडताना सरकारने नोकरी नेमून दिली, ती ही. स्वतःची एक खोली मिळाली म्हणून ते मित्रांना जेवायला बोलावतात, अन् त्यांचा हाताखालचा अधिकारी यू मात्र बायकोमुलासह बापाच्या घरातल्या एका खोलीत दिवस काढतो. वाचताना मला शांघाय दिसेना; गिरगावातली चाळ दिसू लागली. जेवणाखाण्याची वर्णने तर अशी की पुस्तक उपाशीपोटी वाचू नये. खेकड्यांवर हा लेखक ज्या भक्तिभावाने लिहितो, तो पाहता याचे आजोळ कोकणात असावे अशी शंका येते.

तर सांगत होतो ते खुन्याचे. माग काढीत चेन एका बड्या घरापाशी पोचतात. संशयित हा पक्षातल्या एका थोर, जुन्या पुढाऱ्याचा चिरंजीव. पुरावा आहे, साक्षीदार आहे, सारे काही आहे. आणि तिथून पुढे तपासाला शिसे बांधल्यासारखे होते. वरिष्ठ गोड बोलतात. 'पक्षाचे हित पाहा' म्हणतात. चेन यांना दुसरेच काम देण्यात येते. आणि अखेरीस खुन्याला शिक्षा होते तीही अशी, की वाचणाऱ्याला आनंद होऊ नये. कारण ती त्या मुलीसाठी झालेली नसते. त्या दिवसांत 'पाश्चात्त्य चंगळवादा'विरुद्ध एक उदाहरण हवे होते, ते सापडले, एवढेच.

एका पुढच्या कादंबरीत तर चेन यांना भ्रष्टाचाराच्या चौकशीचे सर्वाधिकार मिळतात. आता हा सगळ्यांची पाळेमुळे खणणार असे वाटू लागते, तोच त्यांना लेखकांच्या शिष्टमंडळाचे नेते करून सन्मानाने अमेरिकेला धाडण्यात येते! चौकशी बंद झाली असे कोणीही म्हणत नाही. हारतुऱ्यांनी माणूस दूर करण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही.

लेखक तिखटमीठ लावतो असे कोणी म्हणेल. पण 2008 साली नानजिंगमध्ये खरोखरच घडलेली हकीकत पाहा. चौ च्यूकंग नावाच्या घरबांधणी खात्याच्या अधिकाऱ्याचा सभेतला एक फोटो प्रसिद्ध झाला. साहेबांपुढे टेबलावर सिगारेटचे पाकीट होते. लोकांनी पाकिटाची किंमत हुडकली, मग मनगटावरच्या घड्याळाची हुडकली, आणि सरकारी पगारात हे बसते कसे, असे विचारायला सुरुवात केली. 2009 साली साहेब अकरा वर्षांसाठी आत गेले. छिऊ यांनी याच धाग्यावरून 2013 साली 'एनिग्मा ऑफ चायना' विणली. चुंगचिंगच्या बो शीलाय यांचे प्रकरण तर सगळ्या जगाने वाचले. 2011 साली एका हॉटेलात एक इंग्रज मरून पडला. पोलीसप्रमुख स्वतःच जीव मुठीत धरून अमेरिकन वकिलातीत पळाला. 2012 साली बो यांच्या पत्नीला खुनाबद्दल आणि 2013 साली खुद्द बो यांना लाचखोरी वगैरेंबद्दल शिक्षा झाली. अशा वास्तवाशी स्पर्धा करायची म्हणजे कादंबरीकाराची कंबक्तीच.

या पुस्तकांची चिनी भाषांतरेही निघाली, पण त्यांत शांघायचे नाव शिल्लक राहिले नाही. तिथे शहराला 'एच' शहर म्हटले आहे. असले गुन्हे शांघायमध्ये घडत नाहीत, सबब! उद्या रत्नागिरीची कथा कोणी 'र' गावाची म्हणून छापली आणि त्यातले हापूस, भाट्याची खाडी अन् पतितपावन मंदिर तेवढे वगळले, तर कसे होईल?

आत्याने पुस्तक दोन दिवसांत निम्मे केले. दुपारी मांडवीच्या बाजूने खारा वारा येतो, त्यात ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून ती वाचते आणि मधूनच 'हं' म्हणते. निम्म्यावर आल्यावर तिने रिवाजाप्रमाणे कपटा मागितला. मी म्हटले, "आत्या, इथे नाव लिहून काय उपयोग? नाव तर कळलंच आहे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिने कपट्यावर काहीतरी लिहिले आणि पुडी देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पुस्तक संपवून तिने ती उघडून माझ्यापुढे धरली. तीवर एकच शब्द होता: 'सोडतील?'

खुनी कोण ते आधी सांगून टाकायचे, ही खुबी छिऊ यांनी शोधलेली नव्हे. रॉबर्ट व्हान गुलिक नावाच्या एका डच वकिलाने, म्हणजे राजदूताच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याने, न्यायाधीश डी यांच्या चातुर्यकथा 1949 साली इंग्रजीत आणल्या. हे डी म्हणजे सातव्या शतकात होऊन गेलेले खरेखुरे अधिकारी. गुलिक सांगतात की जुन्या चिनी कथेत गुन्हेगार बहुधा पहिल्या पानावरच ओळख करून देतो. गंमत असते ती न्यायाधीश त्याला कसा गाठतो यात. आपण कीर्तनाला बसतो तेव्हा कीचक मरणार हे कोणाला ठाऊक नसते? तरी आपण मांडी घालून बसतोच. फरक पडला तो एवढाच, की डी यांना गुन्हेगार गाठला म्हणजे झाले. आजच्या चेनना मात्र गाठल्यावर त्याचे नाव कागदावर लिहू देणारा कोणी आहे का, ते पाहावे लागते.

"तुझ्या त्या चेनला थिबाचं माणिक शोधायला लावायला हवं होतं," जेवताना आत्या म्हणाली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी थिबा राजवाड्यावर गेलो.

रत्नागिरीला आलेला प्रत्येक पाहुणा हा वाडा पाहतो, आणि बहुतेक जण बाहेर येऊन 'बिचारा राजा' म्हणतात व नारळपाणी पितात. जांभ्या दगडाचा, तीन मजल्यांचा, उतरत्या छपरांचा हा वाडा 1910 साली पुरा झाला. मागच्या अंगाला गेले की खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. देखावा असा की कैद्याला द्यावा तर नवलच. पण राजा इथे राहायला आला तेव्हा त्याच्या कैदेची चोवीस वर्षे लोटली होती. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा मंडालेत इंग्रजांना शरण गेला तो 1885 च्या नोव्हेंबरात. आणि 1886 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, राण्या आणि लहानग्या मुलींसह त्याला या किनाऱ्यावर आणून उतरवले. प्रथम कोणा साहेबाच्या जुन्या बंगल्यात ठेवले. दाराशी पोलिसांचा पहारा. आवाराबाहेर पडायचे तर परवानगी हवी. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. तीस वर्षे आणि आठ महिने!

या राजापाशी एक माणिक होते. नाव 'न्गा मौक'. ज्या खाणकामगाराला ते सापडले त्याचेच नाव त्याला पडले. आख्यायिका अशी की त्याने खड्याचे दोन तुकडे केले, एक राजाला नजर केला अन् दुसरा गुपचूप परदेशात विकला. ते उघडकीस आल्यावर त्याला जिवंत जाळले. म्हणजे या माणकाचा इतिहासच एका चोरीच्या तपासापासून सुरू होतो, आणि तो तपास, काहीही म्हणा, तडीस गेला होता. दुसरा गेला नाही. थिबाचे म्हणणे असे की शरण गेलो त्या गडबडीत कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याने माणिक पाहायला म्हणून मागितले, हातात घेतले, आणि ते परत दिले नाही.

आता हे प्रकरण कोणाही फौजदाराच्या टेबलावर ठेवा. फिर्यादी आहे. वस्तूचे वर्णन आहे. जागा आणि दिवस ठाऊक आहे. संशयिताचे नाव, हुद्दा, सर्व आहे. एवढी सोपी केस अर्णाळकरांनी दोन फर्म्यांतही पुरवली नसती. अडचण इतकीच, की फिर्यादी हा कैदी होता आणि अर्ज करायचा तो ज्यांनी त्याला कैद केले त्यांच्याकडे. कर्नलसाहेब 1890 साली वारले. त्यांच्यावर खटला झाला नाही, आणि त्यांचे नाव रीतसर धुऊन निघाले असेही झाले नाही. माणिक आजतागायत सापडलेले नाही. मंडालेच्या राजवाड्यातून लंडनला गेलेल्या राजचिन्हांपैकी पुष्कळशी 1964 साली ब्रह्मदेशाला परत मिळाली. त्यांत ते नव्हते.

इकडे राजा तनख्यात भागेना म्हणून उरलेले दागिने विकू लागला. राजाला भावाची माहिती नाही, बाहेर जाऊन चौकशी करायची सोय नाही, घेणाऱ्यांचे फावले. हिरे-माणके कवडीमोलाने गेली. घेणारे सगळेच काही इंग्रज नव्हते, हेही सांगून टाकलेले बरे. आपण रत्नागिरीकर (अर्धामुर्धा का होईना, मीही त्यातलाच) थिबाची कथा सांगताना कर्नलपाशी आवाज चढवतो आणि या ठिकाणी पाणी प्यायला थांबतो.

आणखी एक मासला. राजा इथे येऊन तीन-चार महिने होतात न होतात तोच, 1886 च्या जुलैमध्ये, इंग्रजांनी चीनच्या दरबाराशी करार केला. ब्रह्मदेशातून दर दहा वर्षांनी पेकिंगला नजराणा घेऊन शिष्टमंडळ जाण्याची चाल होती. ती पुढेही चालू राहील आणि शिष्टमंडळातली माणसे ब्रह्मी वंशाचीच असतील, असे त्यात कबूल केले. चीनने त्या बदल्यात ब्रह्मदेशावरच्या इंग्रजी सत्तेला आडकाठी न करण्याचे मान्य केले. नजराणा राजाच्या नावचा, राज्य दुसऱ्याचे, आणि राजा रत्नागिरीत पोलिसांच्या पहाऱ्यात. चेन यांच्या वरिष्ठांना हा मसुदा फार आवडला असता.

मी वाड्यात असताना एका शाळेची सहल आली होती. फिरत्या रांगेतून एका मुलाने विचारले, "बाई, राजाचा खजिना कुठाय?" बाई क्षणभर थांबल्या. "तो गेला," त्या म्हणाल्या. "कोणी नेला?" "रांग मोडू नका," बाई म्हणाल्या.

तिथून मी समाधीवर गेलो. गावातच, घरांच्या वस्तीत ती आहे. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम इथे येऊन नमस्कार करून गेले. मी गेलो तेव्हा पायरीवर एक मांजर ऊन खात पडले होते आणि बाजूच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

रत्नागिरीहून मी राजापूरला गेलो ते धूतपापेश्वराच्या दर्शनाला, आणि जमल्यास बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे पाहायला. ऑक्टोबरचे ऊन, सडा असा तापलेला की चपलेतून चटका बसावा. त्या उघड्या जांभ्यावर, कोण जाणे किती शतकांपूर्वी, कोणी एक माणूस कोरून ठेवला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना दोन वाघ. माणूस दोघांना धरून उभा आहे की दोघांच्या तावडीत सापडला आहे, ते मला ठरवता आले नाही.

याच परिसरात तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आणायचे घाटत होते. आधी नाणारला येणार होता. तिथल्या लोकांनी विरोध केला, 2019 साली तो बेत रद्द झाला, मग बारसूचे नाव पुढे आले. 2023 च्या एप्रिलमध्ये मातीच्या परीक्षणाला यंत्रे आली तेव्हा गावच्या बायका उन्हात सड्यावर आडव्या झाल्या. जिथे कारखाना येतो तिथे जमिनीचे भाव आधी येतात आणि भावांच्या आधी दलाल येतात.

शशिकांत वारिशे हे या भागातले पत्रकार. वय अठ्ठेचाळीस. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांची बातमी छापून आली: कारखान्याच्या बाजूने उभा असलेला एक जमीन-व्यवहारातला माणूस, त्याच्यावरचे गुन्हे, आणि मोठमोठ्या नेत्यांबरोबर फलकावर झळकलेले त्याचे छायाचित्र. त्याच दिवशी दुपारी राजापूरला हमरस्त्यावर, पेट्रोल पंपाजवळ, वारिशे यांच्या दुचाकीला एका मोटारीने धडक देऊन फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. ज्याच्याविषयी बातमी होती त्यालाच पोलिसांनी मोटार चालवल्याबद्दल अटक केली. पत्रकारांनी राज्यभर आवाज उठवला, खुनाचे कलम लागले, विशेष तपास पथक नेमले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्याय करणे न्यायालयाचे काम आहे. त्यात मी बोलणार नाही. पण गाडी त्या पंपावरून पुढे गेली तेव्हा चालकाने न विचारताच वेग कमी केला आणि बोटाने जागा दाखवली. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

परतल्यावर आत्याला मी एवढेच म्हटले, "राजापूरचा तो पंप पाहिला."

तिने मान हलवली. आत जाऊन तिने देव्हाऱ्याचा खण उघडला आणि तांबडी दोरी बांधलेला एक जाड लिफाफा आणून माझ्या हातात दिला. आत वर्तमानपत्रांची कात्रणे होती, तारखेवार लावलेली. प्रत्येकावर शाळेतल्या वहीवर घालावी तशी स्वच्छ अक्षरात तारीख. पहिली काही दिवसाआड होती. मग आठवड्याने, मग महिन्यांनी. शेवटच्या कात्रणामागे एक घडी केलेला कपटा होता. तो मी उलगडला.

तीवर पेन्सिलीने लिहिले होते: 'पुढे?'

"तो राहू दे तिथेच," आत्या म्हणाली, "आणि त्या चेनचा दुसरा भाग आणलायस का, ते सांग."